बॉनेटवरची आत्या

शाळेच्या वेळेला बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की मला करमणुकीला दुसरं काही लागत नाही. उंच, रुंद, छाती काढून चालणाऱ्या गाड्या एकामागून एक येतात. त्यांत चढायला पायरी असते आणि त्या पायरीवर चढायलाही कुणाचा तरी हात लागतो. आत एक आई, एक पोरगं आणि एक दप्तर. रविवार असला तर बाबा, आणि फार तर एक आजी. मागच्या दारावर लिहिलेलं असतं की ही गाडी चारही चाकांनी ओढते. डोंगर म्हणू नका, वाळू म्हणू नका, नदीचं पात्र म्हणू नका, कुठंही जाते. ती जाते शाळेत. तिथून शिकवणीला, तिथून मंडईत. आणि गल्लीतल्या गतिरोधकावर इतक्या जपून चढते की वाटावं, बाई पोटुशी आहे.

मी हसते, पण ते हसणं वाकडं नाही. आमच्याही दारात तसलीच एक उभी असते. महेशनं, माझ्या मुलानं, यंदाच्या गुढीपाडव्याला घेतली. हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून झाल्यावर मला मानानं पुढं बसवलं आणि एक गोल बटण दाखवलं. "आई, हे फिरवलं की चारी चाकं ओढतात."

"कधी फिरवलास?"

"अगं, इथं कुठं गरज पडते?"

बटण अजून कोरं आहे. गाडीतल्या बाकीच्या सगळ्या बटणांवर बोटांचे डाग पडलेत, त्याच्यावर एक नाही. मी गाडीत बसले की आधी त्याच्याकडे बघते. त्या बटणाचा आजा मी पाहिलाय. तो बुटका होता, लोखंडाचा होता, आणि त्याला हात घालायच्या आधी माझे सासरे देवाचं नाव घ्यायचे.

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही दरवर्षीसारखे गावाकडे निघालो. महेश गाडी चालवत होता, शेजारी माझे यजमान, मागं मी आणि माझा नातू ओम. सून नेहमी येते, यंदा तिला सुट्टी मिळाली नाही. खानापूरच्या अलीकडं रस्त्यावर एका बाजूनं नाचण्याची कणसं अंथरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी आपोआप मळून निघावीत म्हणून. महेशनं ब्रेक मारला, हॉर्न वाजवला. एक म्हातारी झाडू हलवत ओरडली, "वाजवालैस काय? वरनंच जा की, वरनं! दांडगी गाडी हाय, बरं मळंल!"

महेश नाखुशीनं वरून गेला. खाली करकर आवाज झाला. मी काच खाली केली आणि तो वास आत आला: सुकलेला कडबा, धूळ, थोडा शेणाचा, थोडा उन्हाचा. आमच्याकडे या दिवसांना सुगी म्हणतात. वर्षाचं धान्य शेतातून घरात येण्याचे दिवस. आयुष्यात पुष्कळ सुग्या पाहिल्या, पण हा वास आला की मला एकच आठवते. माझी सासरची पहिली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी खानापुरातून लग्न होऊन जोयड्याच्या रानात आले होते.

जोयडा तालुक्यात रामनगर सोडून आत शिरलं की रान सुरू होतं, आणि रानात मधे मधे, देवानं ओंजळीतून सांडल्यासारखी, दोन-चार शेतं आणि थोडी घरं. आमचं गाव तसलंच. घरं वर टेकाडावर, भाताची शेतं खाली खोलगटात, आणि मधे एक चढ. नुसत्या लाल मातीचा, म्हणून त्याचं नाव तांबडा चढ. कोरडा असला की धूळ, ओला झाला की लोणी. मी लग्नात पहिल्यांदा तो चढ चढले तेव्हा चप्पल हातात घेतली होती, आणि माझी ही वरात बघून सगळं गाव हसलं होतं.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामांकडे एक जीप होती. गणेशगुडीला धरणाचं काम उरकत आलं तेव्हा कुणा ठेकेदारानं मोडीत काढलेली, ती मामांनी आणून उभी केली होती. तिला छत होतं, पण ते फक्त उन्हापुरतं. तीन दांडे होते. एक गिअरचा आणि दोन बुटके. बुटक्यातला एक सरकवला की पुढच्या चाकांतही जीव यायचा, आणि त्याला गावात 'फोर लावणं' म्हणत. जीप आमची असली तरी आमच्या एकट्याची कधीच नव्हती. रामनगरचा बाजार, उळवीची जत्रा, कुणाची पोरगी बघायला जायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्यातून. पाठीला पाठ, मांडीवर मांडी, बाहेर लटकलेले वेगळे. गाडीत किती माणसं मावतात, या प्रश्नाला आमच्या गावात उत्तर नव्हतं. "बस की ओ, जागा हाय," एवढंच होतं.

आणि आत्या. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिचं वजन सांगायला हवं, कारण तीही स्वतःची ओळख तशीच करून द्यायची. रानातली माणसं चिवट आणि सुकी असतात. त्यात आमची आत्या भरलेल्या कणगीसारखी होती. खायची सगळ्यांएवढंच, किंबहुना कमीच, पण देवानं देह दिला होता दोघींचा. आत्या दारातून आत आली की घरात थोडा अंधार व्हायचा. लोक थट्टा करायचे आणि ती त्यांच्याआधी करायची. "माज्या लग्नात बैलगाडीचा आस मोडला," असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट बघून, "तू मातूर वाऱ्यानं उडशील गे बाय. दार लावून घे."

पण सुगी आली की आत्या हसायची बंद व्हायची, हे मला हळूहळू कळलं. तिचे गुडघे गेले होते. खाली शेतात चिखलवट जमिनीत उतरली तर पाय रुतायचे आणि काढायला दोन माणसं लागायची. सगळ्या बायका विळे घेऊन चढ उतरायच्या आणि आत्या खळ्याच्या कडेला पाय पसरून बसायची. बसून राखण, बसून पोरं सांभाळणं, बसून हाका मारणं. एकदा मी पाण्याची कळशी घ्यायला वर आले तेव्हा ती एकटीच होती. म्हणाली, "सुगीत बसून खातीया ती बाई न्हवं गे. ती नुस्ती वजन."

मीही त्या घरात तेव्हा काय होते? कापणी येत नव्हती, विळा उलटा धरायची. कुणी रागवायचं नाही, पण कुणी विचारायचंही नाही. जेवताना वाढायचं, झाल्यावर उचलायचं. घरात कसली बोलणी चालली की मी चुलीपुढं.

त्या वर्षी भात चांगलं पोसलं होतं. कापून झालं, पेंढ्या शेतात आडव्या पडल्या, दोन दिवस ऊन खाऊन वर खळ्यावर आणायच्या होत्या. आणि तेवढ्यात बैलांना रोग आला. आधी आमच्या शेजारच्या सोमाण्णाचा एक बैल वैरण खाईना. मग तोंडातून लाळ गळू लागली, खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या, आणि आठवडा व्हायच्या आत गावातल्या एकाही बैलाला नीट उभं राहता येईना. गाड्या जुंपायच्या कशा? बायका-माणसं डोक्यावरून भारे वाहू लागली, पण तो चढ, आणि ते ओझं. सबंध गावाचं वर्षाचं खाणं खाली उघड्यावर पडलं होतं, आणि गोव्याच्या अंगानं ढग यायला लागले होते. कापलेल्या भाताला पाऊस लागला की लोंबीतल्या लोंबीत कोंब येतात. ते भात मग पेरायचंही नाही आणि खायचंही नाही. हे मला शेतकऱ्याची लेक असून तोवर इतकं भीतीनं कळलं नव्हतं.

मामा म्हणाले, "जीप लावतो."

आधी कुणाचं आणायचं, यावर घरात वाद झाला. मामांचं म्हणणं, आमच्या भातापासून सुरुवात करू. "नवी सून आल्या घरात. तिला पयल्याच वरसाला काळा तांदूळ खायला घालू व्हय?"

आत्या म्हणाली, "तिचं नाव घेताय, मग तिलाच इच्यारा की."

सगळे चुलीकडे वळले. त्या घरात येऊन सहा महिने होत आले होते आणि मला कुणी काही विचारलं, ते पहिल्यांदा. माझ्या हातात उलथनं होतं. मी म्हटलं, "सोमाण्णांचं आधी आणूया. त्यांचं शेत पाण्याला लागून हाय, आणि घरात बारकी पोरं हाईत."

आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि मग, जणू ठरलेलंच होतं, म्हणाली, "मग आपलं शेवटाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप खाली उतरली. मागच्या हौद्यात ह्यांनी आणि गड्यांनी पेंढ्या रचल्या, छताच्या वरपर्यंत. दोरानं आवळल्या. मामांनी देवाचं नाव घेतलं, फोर लावला आणि चढाला तोंड दिलं. रात्री थोडं भुरभुरलं होतं. अर्ध्यावर आल्यावर जीपनं पुढचे दोन्ही पाय हवेत घेतले. खरंच. मागं एवढं ओझं, की पुढची चाकं जमिनीला टेकेनात. टेकली तरी नुसती गरगरायची. फोर लावून उपयोग काय, पुढच्या चाकांना माती धरायला वजनच नव्हतं. जीप हळूहळू मागं घसरत खाली आली.

एक मोठा दगड बॉनेटवर ठेवला. तो दुसऱ्याच हिसक्याला घरंगळला आणि बॉनेटला खळगा पाडून गेला. मग दोन दांडगे गडी बसवले. ते बसले, पण जीप तिरकी झाली की टुणकन उड्या मारायचे, आणि त्यांनी उडी मारली की पुढची चाकं पुन्हा वर. मामांनी स्टेअरिंगवरून त्यांचा उद्धार केला. गडी म्हणाले, "अण्णा, जीव हाय की आमाला!"

चढाच्या वरच्या टोकाला आत्या उभी होती. हे सगळं तिनं पाहिलं. मग पदर खोचला, कडेकडेनं गवताला धरत, बसत-उठत खाली आली आणि जीपसमोर उभी राहिली.

"मला चढवा."

"खुळी का काय तू?" मामा म्हणाले.

"गडी उडी मारत्यात. मला मारता येत न्हाई. चढवा म्हणतोय न्हवं?"

आमच्याकडे बायकाही 'म्हणतोय', 'जातोय' म्हणतात. आत्या रागात असली की तर नक्कीच.

तिला चढवायला चार माणसं लागली आणि एक उलटं घमेलं. ती बॉनेटवर पाय पुढं सोडून बसली, दोन्ही हातांनी कडा धरल्या, आणि जीपचं तोंड खाली बसलं. आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. मामांनी फोर लावला. जीप निघाली. अर्ध्यावर आली, तिरकी झाली. आत्याला वरून दिसत होतं की उजवं चाक गरगरतंय. ती उजवीकडे सरकली. चाकानं माती धरली. मग डावं. ती डावीकडे कलली. असं कलत, सरकत, ओरडत, "द्या, द्या, आता द्या!" म्हणत तिनं ती जीप वर नेली. दगडाला हे कुठून कळणार?

वर पोचल्यावर सोमाण्णाच्या बायकोनं, लक्ष्मीनं, पुढं होऊन आत्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि बॉनेटलाही लावलं. आत्याचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. लाल मातीनं आणि घामानं भरलेला, आणि त्यात ते कुंकू. "उतरायचं न्हाई," ती स्वतःलाच म्हणाली की मामांना, कळलं नाही. "फिरवा गाडी. दिवस बारका हाय."

मग ते दिवस. आता मला क्रम आठवत नाही, आणि आठवायला नकोही. खालून गड्यांची हाक, वरून पोरांची. जीपच्या धुराचा आणि कापलेल्या भाताचा मिळून झालेला वास, जो मला आजही कुठल्या अत्तरापेक्षा बरा वाटतो. बॉनेट तापायचं म्हणून आत्याच्या खाली गोणपाटाच्या चार घड्या, त्यावर जुनं घोंगडं. दुपारी तिथंच बसल्या बसल्या ती भाकरी खायची, उतरायची नाही. उतरली तर पुन्हा चढवायला चार माणसांचा वेळ जाईल, हा तिचा हिशोब. प्रत्येक घराची बाई आपली खेप वर आली की आत्याच्या हातात काहीतरी द्यायची. चुलीत भाजलेलं रताळं, गुळाचा खडा, ताकाचा तांब्या. "खा अक्का, वजन कमी व्हईल!" गाव हसायचं आणि आत्या सगळ्यात मोठ्यानं हसायची. ज्या गोष्टीपायी ती सुगीत तोंड लपवायची, तिच्याच नावानं लोक तिला खाऊ घालत होते.

आता आमच्या गाडीत प्रत्येकाला आपली खुर्ची आहे. खुर्ची पुढं होते, मागं होते, गरमही होते म्हणे. कुणाचं अंग कुणाला लागत नाही. ओमच्या पुढ्यात त्याचा स्वतःचा पडदा, त्यावर त्याची चित्रं. मी हे नावं ठेवायला सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा याच गाडीनं त्यांना एकही दचका न देता दवाखान्यात नेलं, आणि मी त्या दिवशी घरी आल्यावर तिच्या चाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला. गाडीचे उपकार मानायची सवय मला जीपनं लावली. फक्त कधी कधी वाटतं, एवढ्या मोठ्या गाडीला आमचं काहीच लागत नाही. आम्ही तिच्यात नुसते बसतो. जीपला आम्ही लागायचो.

सगळ्या गावाचं भात वर आलं आणि शेवटी आमची पाळी आली. त्या दुपारी ढग खाली उतरले होते. पहिली खेप भरली. आत्या बॉनेटवर, पण तिचे हातपाय आता दमले होते, डावीकडे कलता येईना. तिनं मला हाक मारली.

"ये गे, हिकडं ये. डाव्या अंगाला बस."

"आत्या, माझं काय वजन?"

"हाय तेवढं आण. बस म्हणतोय न्हवं."

मी चढले. मला चढायला कुणाची गरज लागली नाही. आत्यानं आपला उजवा हात बॉनेटच्या कडेला आणि डावा माझ्या कमरेभोवती घातला. लुगड्यातून बॉनेटची धग लागत होती. खाली इंजिन घुरघुरत होतं, ते माझ्या हाडांत घुमत होतं. त्या उंचीवरून मला पहिल्यांदाच सगळं गाव दिसलं: वरची घरं, खळ्यांवर रचलेल्या पेंढ्यांच्या उडव्या, दाराशी उभ्या असलेल्या बायका, आणि त्या सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. चढाच्या मध्यावर पावसाचा पहिला सपका तोंडावर आला. चाक घसरलं. "डावीकडं!" आत्या ओरडली आणि आम्ही दोघी मिळून डावीकडे कललो. तिचं सगळं अंग माझ्यावर आलं. मला श्वास घेता येईना, आणि मला वाटलं, आता पडू दे काय पडायचं ते, ही मला सोडणार नाही. चाकानं माती धरली.

वर पोचलो तेव्हा चढावरून लाल पाणी वाहू लागलं होतं. आमच्या दोन खेपा खाली होत्या. मामांनी पुन्हा गाडी वळवायला घेतली. आत्यानं बॉनेटवर थाप मारली.

"बास. आता खाली भात हाय ते देवाचं. वर माणसं हाईत ती आपली. थांबवा."

मामांनी इंजिन बंद केलं. एवढ्या दिवसांनी शांतता झाली, आणि तिच्यात फक्त पाऊस. तो तीन दिवस पडला. आमच्या खालच्या पेंढ्यांना हिरवे कोंब आले. वर आलेल्या एका खेपेवर वर्ष काढायचं होतं. मामा ओसरीच्या कडेला बसून राहायचे. मी पेजेत पाणी जास्त घालायला शिकले.

मळण्या झाल्या, घराघरात नवा तांदूळ शिजला. एक दिवस सकाळी लक्ष्मी सूप घेऊन आली. सुपात नवा तांदूळ. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. त्यांनी येताना एक रिकामं पोतंही आणलं होतं. ओसरीवर ते उभं केलं आणि त्यात ओतायला लागल्या. मामा उठून आत गेले. आत्या तटकन म्हणाली, "काय गे हे? आमाला भीक घालालायसा?"

लक्ष्मी जराही थांबली नाही. सूप झटकून म्हणाली, "तुमाला कोण देतंय अक्का? हे बॉनेटला हाय. तुमी वाळलासा, तर पुढल्या वरसाला जीप वर कशी यायची?"

आत्या हसायला लागली. आधी खांदे, मग पोट, मग सगळी आत्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि तो पदर तिनं खाली घेतलाच नाही, मग आम्हाला कळलं की ती आता हसत नाहीय. लक्ष्मी तिच्या शेजारी टेकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मी आत जाऊन चहा टाकला. कितीजणींचा टाकायचा ते कुणाला विचारलं नाही. माझं मीच ठरवलं.

पुढच्या वर्षी बैल ठणठणीत होते. जीपची गरज लागली नाही. तरी सुगी उरकल्यावर लक्ष्मी पोतं घेऊन आली. "बैलांचा काय भरवसा?" म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही आलं. त्याला नाव पडलं आत्याचं पोतं. नव्वदीच्या सरत्या वर्षांत जीप खरोखरच मोडीत गेली, तिच्या बॉनेटवरचा दगडाचा खळगा मामांनी शेवटचा हात फिरवून पाहिला. नंतर मामा गेले, आणि मग आत्या. तिला उचलायला सगळं गाव आलं होतं, आणि खांदा बदलताना सोमाण्णा रडत रडत म्हणाला, "अक्का, आता तरी हलकी हो गे." त्या घडीलाही लोक हसले. आत्याला ते आवडलं असतं.

आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावला आलो. शेत निम्म्या वाट्यावर, अर्धेलीनं दिलं. पण पोतं थांबलं नाही. ज्या घरांतली पोरं गोव्याला कामाला गेली, त्या घरांतूनही सूपभर येतं. लक्ष्मी आता वाकली आहे, तिची सून ओतते. चढावर आता काँक्रीट आहे. महेशची गाडी त्यावरून अशी गेली की ओमला चढ होता हेही कळलं नाही.

यंदा पोतं ओसरीवर तयार होतं. सोमाण्णा उळवीला गेला होता, लक्ष्मी मात्र काठी टेकत गाडीपर्यंत आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं बघितली, बॉनेट बघितलं.

"लई गुळगुळीत हाय गे," मला म्हणाली. "अक्का घसरली असती."

तेवढ्यात ह्यांनी जाहीर केलं की ते दोन दिवस गावातच राहणार, मग बसनं येतील. त्यांना सोमाण्णाला भेटायचं होतं. पुढची खुर्ची रिकामी झाली. महेशनं डिकी उघडली आणि पोत्याला हात घातला.

"डिकीत नको," मी म्हटलं. "पुढं ठेव."

"पुढं? आई, तू बस ना पुढं. पोतं कुठं पुढं ठेवतात?"

"हे पुढंच बसतं. ठेव."

त्यानं लक्ष्मीकडे बघितलं. लक्ष्मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. महेशनं पोतं उचलून पुढच्या खुर्चीवर उभं केलं. मी मागं ओमशेजारी बसले. गाडी सुरू झाली आणि दहा पावलं जाते न जाते तोच टुंग, टुंग, टुंग वाजायला लागलं. पुढं लाल दिवा लुकलुकत होता. महेशनं दार तपासलं, माझा पट्टा बघितला, ओमचा बघितला. वाजणं थांबेना.

ओमला आधी कळलं. तो पुढं झुकून हसायला लागला. "बाबा, ते पोतं! आज्जी, गाडीला वाटतंय तिथं कुणीतरी बसलंय!"

महेशनं पोतं उचलायला हात पुढं केला. मी मागून त्याचा खांदा धरला.

"बसलंयच की. पट्टा लाव तिला."